पूर्ण भरलेल्या कापडाला उठाव कुठून येतो?

क्रॉस स्टिच म्हटले की मराठी घरांत अजूनही दोसुतीचा रुमाल, उशीचा अभ्रा किंवा दारावरचे तोरण आठवते. मोकळ्या कापडावर फुल्यांनी भरलेला मोर, कोपऱ्यात वेल, आणि मधली जागा तशीच सोडलेली. तिथे कापड हीच पार्श्वभूमी असते, आणि भोवती रिकामी जागा असल्यामुळे नक्षी आपोआप उठून दिसते. ‘फुल कव्हरेज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कामात ही सोय उरत नाही. कापडाचा एकही चौकोन रिकामा ठेवायचा नसतो; आकाश, भिंत, अंधार, सावली, सगळे टाक्यांतूनच उभे करायचे असते. छायाचित्राचा किंवा रंगचित्राचा चौकोनी चार्ट करून देणारी संगणकीय साधने हाताशी आल्यापासून हा प्रकार जगभर वाढला. एकेका चित्रावर वर्षानुवर्षे काम चालते, आणि तरी पूर्ण झालेले चित्र पुष्कळदा सपाट दिसते. असे का होते, आणि त्याला तपशील व खोली देण्यासाठी सुचवल्या जाणाऱ्या उपायांपैकी कोणते खरोखर उपयोगाचे, याचा हा आढावा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: चार्ट प्रत्येक चौकोनाला सारखे महत्त्व देतो, आणि ही समानता भरणाऱ्याने विचारपूर्वक मोडल्याखेरीज उठाव येत नाही. जादा रंग, बारीक कापड, मणी आणि जर यांचा विचार त्यानंतरचा.

सपाटपणाचे मूळ चार्टच्या घडणीतच आहे. उदाहरण म्हणून व्हर्मीरचे ‘गर्ल विथ अ पर्ल इअररिंग’ घेऊ. हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयातले, सुमारे १६६५ सालचे हे चित्र भरतकामात वारंवार उतरवले जाते. त्यातला प्रसिद्ध मोती चित्रकाराने कडा आखून रंगवलेला नाही. वरच्या बाजूला जाड पांढऱ्या रंगाचा एक ठळक ठिपका, आणि खाली पांढऱ्या कॉलरचे मंद प्रतिबिंब. एवढ्यावर मोत्याचा गोलवा उभा राहतो. कानात अडकवायची कडीसुद्धा दाखवलेली नाही. नाकाची कड गालापासून वेगळी करणारी रेषा नाही. एका उजेडाच्या पट्ट्यात दोन्ही मिसळतात. म्हणजे चित्रकाराने फार थोड्या जागी नेमके काम केले आणि उरलेली जागा शांत ठेवली. संगणक याच्या उलट वागतो. तो प्रत्येक चौकोनाचा सरासरी रंग काढतो आणि दोऱ्यांच्या यादीतली जवळची छटा त्याला नेमून देतो. मोती कुठला आणि अंधार कुठला, हे त्याला कळत नाही. जुन्या रंगावरचे बारीक तडे आणि गडद पृष्ठभागावरचे किरकोळ फरक यांचेही तो प्रामाणिकपणे टाके करतो, त्यामुळे पार्श्वभूमीत काळ्याच्या जवळच्या अनेक छटा सुट्या सुट्या विखुरतात. याच एकेकट्या टाक्यांना भरणारे ‘कॉन्फेटी’ म्हणतात. दुसरीकडे मोत्यावरचा तेजस्वी ठिपका शेजारच्या करड्यात मिसळून फिका पडतो. श्रम अंधारावर खर्च होतात आणि उजेडाला काही उरत नाही.

यावर सर्वात आधी सुचवला जाणारा उपाय म्हणजे आणखी बारीक कापड. इंचात जितके जास्त चौकोन तितका जास्त तपशील, हे खरे आहे. पण त्याची किंमत मोजून पाहावी. मूळ चित्र ४४.५ सेंटीमीटर उंच आणि ३९ सेंटीमीटर रुंद आहे. त्याच आकारात ते १४ काउंटच्या, म्हणजे इंचाला १४ चौकोन असलेल्या, आयडा कापडावर भरले तर सुमारे ५३ हजार फुल्या लागतात, १८ काउंटवर ८७ हजार, आणि २५ काउंटवर १ लाख ६८ हजार. १८ वरून २५ वर जाताना काम जवळजवळ दुप्पट होते. बदल्यात काय मिळते? चांगली नजर सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतका सूक्ष्म फरक ओळखते. त्या हिशेबाने १८ काउंटचे चौकोन साधारण पावणेपाच मीटरपर्यंत आणि २५ काउंटचे साडेतीन मीटरपर्यंत डोळ्याला वेगळे जाणवू शकतात. भिंतीवरचे चित्र आपण दीड-दोन मीटरवरून पाहतो. दीड मीटरवरून चौकोन पुरते नाहीसे व्हावेत असे वाटत असेल तर इंचाला जवळपास ५८ टाके घालावे लागतील. तात्पर्य, व्यवहारात चौकोन दिसत राहणारच.

चौकोन नुसते दिसत नाहीत, ते चित्राच्या आडही येतात. १९७३ साली लिऑन हार्मन यांनी अब्राहम लिंकनच्या चेहऱ्याचे मोजक्या मोठ्या चौकोनांत केलेले रूप प्रसिद्ध झाले. जवळून पाहताना त्यात करडे ठोकळेच दिसतात. डोळे बारीक केले किंवा लांब गेले की चेहरा उमटतो. हार्मन आणि बेला जुलेश यांनी दिलेले स्पष्टीकरण भरणाऱ्याने लक्षात ठेवावे असे आहे. चौकोनांच्या धारदार कडा ही चित्रात नसलेली, बाहेरून आलेली माहिती असते आणि ती चेहऱ्याची खरी माहिती झाकून टाकते. मग प्रश्न फक्त चौकोन लहान करण्याचा राहत नाही. कोणत्या कडा खऱ्या आणि कोणत्या केवळ जाळीमुळे आलेल्या, हे पाहणाऱ्याला कळावे अशी सोय भरणाऱ्याला करावी लागते. खऱ्या कडा ठळक करायच्या, खोट्या कडा मवाळ करायच्या. तपशील देणे याचा अर्थ मी असा घेतो.

दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे आणखी रंग. ऐंशी-नव्वद छटांचा चार्ट तीस छटांच्या चार्टपेक्षा खोल दिसेल, अशी समजूत असते. याचा पडताळा भरतकामाच्या शेजारच्या कलेत, भित्तिपटांच्या विणकामात, शतकांपूर्वीच येऊन गेला आहे. फ्रान्समधल्या आंजे येथील ‘अपोकॅलिप्स’ हा चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातला भव्य भित्तिपट अगदी मोजक्या रंगांत विणलेला आहे, तरी त्यातल्या आकृती ठाम उभ्या राहतात. पुढे पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात तैलचित्राची हुबेहूब नक्कल हे ध्येय झाले आणि छटांची संख्या हजारोंवर गेली. तिथे रंगकामाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांच्यापुढे काळा दोरा फिका दिसतो अशी तक्रार आली. तपासात रंग पक्काच निघाला. शेजारच्या निळ्या-जांभळ्या दोऱ्यांमुळे काळा उतरलेला भासत होता. १८३९ साली त्यांनी रंगांच्या परस्परविरोधाचा नियम ग्रंथरूपाने मांडला. दोऱ्याचा रंग शेजारी ठरवतो, हे त्यातून सिद्ध झाले. विसाव्या शतकात झाँ ल्युर्सा यांनी आंजेचा पट पाहिल्यानंतर पुन्हा मर्यादित, आधी ठरवलेल्या छटांचा आग्रह धरला आणि फ्रेंच भित्तिपटकलेला नवा जोम दिला. क्रॉस स्टिचसाठी यातून निघणारा अर्थ स्पष्ट आहे. दोन शेजारच्या छटांत उजेड-अंधाराचे पुरेसे अंतर नसेल तर शंभर रंगही चिखल करतात. अंतर नीट ठेवले तर पंचवीस रंगांत खोली येते.

तिसरा उपाय भर घालण्याचा: मणी, जर, उंच टाके. त्याचाही इतिहास आहे आणि तो सावध करणारा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमधल्या प्रकाशकांनी चौकोनी कागदावर हाताने रंगवलेले नमुने विकायला आणले. ‘बर्लिन वूल वर्क’ या नावाने ते काम युरोप-अमेरिकेत पसरले. जाळीदार कॅनव्हासवर लोकरीने प्रत्येक चौकोन भरायचा, हीच त्याची रीत. आजच्या फुल कव्हरेजचे ते थेट पूर्वज आहे. त्या काळच्या स्त्रियांनाही सपाटपणा खटकला. त्यांनी लोकरीचे फासे घालून, ते कापून, पोपटाची छाती आणि गुलाबाच्या पाकळ्या मखमलीसारख्या उंच केल्या. करड्या काचमण्यांनी सावल्या भरल्या. चांगल्या नमुन्यांत हे फार देखणे दिसते, कारण उंच भाग थोडा आणि भोवतालचा भाग सपाट असतो. पण १८५६ नंतर आलेल्या कृत्रिम रंगांच्या भडकपणाबरोबर सजावटही वाढत गेली, आणि इंग्रज रचनाकार विल्यम मॉरिस यांच्या प्रभावाखालच्या कलावंतांनी या कामाकडे पाठ फिरवली. लंडनची ‘रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्क’ १८७२ साली स्थापन झाली ती सुईच्या स्वतंत्र कलेला पुन्हा मान मिळावा म्हणून. सगळीकडेच उंची आली की उंचीला अर्थ राहत नाही, हा बर्लिनच्या कामाचा धडा.

तिन्ही उपायांच्या मर्यादा पाहिल्यावर साधनांकडे अधिक जाणतेपणाने वळता येते. पहिले साधन दोऱ्याचे पदर. भरतकामाचा सुती दोरा सहा पदरी असतो आणि त्यातले एक-दोन पदर वेगळे काढून काम होते. सुईत दोन पदर दोन वेगळ्या छटांचे घेतले की मधली तिसरी छटा तयार होते. वीस रंगांतून अशा १९० जोड्या होऊ शकतात. त्यातल्या सगळ्या उपयोगी नाहीत. ज्या दोन रंगांची उजळता जवळजवळ सारखी आहे त्यांची जोडी सलग दिसते, आणि जिथे ती फार वेगळी आहे तिथे ठिपकेदार खरबरीत पोत येतो. गालावर पहिली जोडी हवी. झाडाच्या सालीला, दगडाला किंवा जुन्या भिंतीला दुसरी. अमेरिकन नमुनाकार टेरेसा वेंट्झलर यांच्या कामात मिश्र पदरांचा हा उपयोग फार बारकाईने केलेला दिसतो. एका छटेतून दुसरीत जाताना मध्ये मिश्र पदरांची एक ओळ घातली तर जाळीची खोटी कड विरते. म्हणजे हे साधन मुख्यतः मवाळ करण्याचे आहे.

ठळक करण्याचे साधन म्हणजे रेषा. फुली फक्त चौकोनी वाट चालते, त्यामुळे तिरकी कड पायऱ्यापायऱ्यांची होते. पाव आणि पाऊण टाका घालून त्या पायऱ्या कापता येतात, आणि उलट्या टिपेने, म्हणजे बॅकस्टिचने, त्यांच्यावरून सरळ रेषा ओढता येते. डोळा रेषेच्या सलगतेबाबत फार संवेदनशील असतो. म्हणून मांजराच्या मिश्या, जहाजाचे दोर, पापणीचा केस यांच्यासाठी एका पदराचा लांब टाका जे करतो ते पन्नास फुल्या करू शकत नाहीत. मात्र पूर्ण भरलेल्या चित्रात सर्वत्र काळी बाह्यरेषा फिरवली तर ते व्यंगचित्रासारखे चपटे होते. रेषा जवळच्या वस्तूंना द्यावी, ती शेजारच्या रंगापेक्षा एक-दोन छटा गडद असावी, आणि दूरच्या डोंगराला ती देऊच नये. टाक्यांची ही कामवाटणी आपल्या शेजारी पूर्वापार आहे. इरकली लुगड्यांमुळे महाराष्ट्राच्या ओळखीच्या झालेल्या धारवाडकडच्या कशिद्यात चार टाके चालतात: गवंती रेषा आखते, मुरगी पायऱ्या चढते, नेगी विणीसारखी दिसते, आणि मेंथी, म्हणजे फुलीचाच टाका, जागा भरून वजन देतो. एकाच टाक्याकडून चारही कामे करून घेण्याचा आग्रह तिथल्या बायकांनी कधी धरला नाही. फुल कव्हरेज करणारे तो धरतात आणि मग चित्र सपाट झाले म्हणून खंतावतात.

तिसरे साधन टाक्याची उंची. पूर्ण फुलीत दोन तिरके धागे एकमेकांवर चढतात, म्हणून ती कापडापासून थोडी वर येते. अर्धा टाका खाली बसतो. दोन पदर एका पदरापेक्षा भरीव दिसतात. एवढ्या लहान फरकातूनही दूर-जवळ साधता येते. धुके, आकाश, पाण्याचा लांबचा पट्टा अर्ध्या टाक्यात किंवा एका पदरात भरला की मागे सरकतो, आणि पूर्ण फुलीतली होडी पुढे येते. कापड पांढरे राहिले तर अर्ध्या टाक्याच्या फटींतून ते चमकते. म्हणून तो भाग आधी कापडावर चालणाऱ्या रंगाने हलका रंगवून घ्यावा किंवा मुळातच त्या छटेचे कापड निवडावे. चेहऱ्यासाठी दुसरी युक्ती आहे. सम विणीचे कापड घेतले तर बाकी चित्र दोन धाग्यांवर आणि चेहरा एका धाग्यावर भरता येतो, त्यामुळे तेवढ्याच जागेत चौपट टाके बसतात. बारीक कापडाचा फायदा जिथे हवा तिथेच घ्यायचा आणि उरलेल्या चित्रावर त्याचा बोजा टाकायचा नाही, असा हा मार्ग आहे. गाठीचा टाकाही याच वर्गातला: मेंढीची लोकर, फुलाचा परागकोश, लाटेवरचा फेस यांना तो शोभतो, पण त्याला शेजारी सपाट जागा लागते.

चौथे साधन, आणि सर्वात दुर्लक्षित, म्हणजे चकाकीची दिशा. पंजाबी फुलकारीतला ‘बाग’ हा प्रकार खऱ्या अर्थाने फुल कव्हरेज आहे. खादीच्या कापडाचे धागे मोजून, उलट्या बाजूने, बिनपिळाच्या रेशमाने संपूर्ण पट भरायचा. कित्येक बागांत रेशमाचा रंग जवळजवळ एकच असतो, पण काही चौकोनांत टाके आडवे आणि काहींत उभे असतात. प्रकाश दोन्हींवरून वेगळा परततो आणि एकाच सोनेरी रंगाच्या दोन छटा दिसतात. पाहणारा हलला की त्या अदलाबदल करतात. रंग न वाढवता, मणी न लावता मिळवलेल्या उठावाचा याहून मोठा पुरावा नाही. सुती दोऱ्याला क्षारप्रक्रियेमुळे चमक असते, पण फुलीत दोन दिशा एकमेकींना छेदतात म्हणून ती रेशमाइतकी बोलत नाही. तरीही वरचा धागा सर्वत्र एकाच दिशेला ठेवला तर पृष्ठभाग शांत राहतो, आणि मग पाण्याच्या तुकड्यात सॅटिन दोऱ्याचे सपाट टाके घातले तर ते पाणी वेगळे चमकते. जरीचा बारीक पदर सुती पदराबरोबर सुईत ओवला की तारे, दव, तलवारीची धार यांना पुरेसे तेज येते. मण्यांबाबत मापाचे भान हवे: १४ काउंटचा चौकोन १.८ मिलिमीटरचा, तर नेहमीचा ११ नंबरचा मणी साधारण दोन मिलिमीटरचा असतो. प्रत्येक चौकोनात तो लावला तर मणी एकमेकांना ढकलतात आणि कापड फुगते. त्याहून बारीक कापडावर १५ नंबरचा मणी घ्यावा, आणि तोही मोजक्या जागी.

आता हीच साधने व्हर्मीरच्या चित्राला लावून पाहू. पार्श्वभूमीतल्या काळसर छटा दोन-तीनवर आणून तिथले कॉन्फेटी काढून टाकावे आणि ती अर्ध्या टाक्यात खाली बसवावी. चित्रातल्या मुलीच्या फेट्याच्या निळ्यात उजेडाचा आणि सावलीचा भाग स्पष्ट वेगळा ठेवावा. चेहरा एका धाग्यावर भरावा, गालाकडे मिश्र पदर, नाकाला रेषा नाही. ओठांवरचा ओला उजेड आणि डोळ्यांतले ठिपके चार्टवर हाताने दुरुस्त करून शुद्ध उजळ छटेत घ्यावेत. मोत्यावर पांढऱ्या सॅटिन दोऱ्याचे दोन-तीन टाके, एवढेच. मोत्याच्या जागी खरा मणी शिवण्याचा मोह टाळावा, कारण चित्रातला मोती वस्तू म्हणून नव्हे तर प्रकाश म्हणून रंगवलेला आहे. या योजनेत भर घालण्यापेक्षा वगळणे जास्त आहे, आणि तरी तपशील वाढतो.

या मांडणीवर काही गंभीर आक्षेप घेतले जातात. पहिला असा की चार्ट ही नमुनाकाराची निर्मिती आहे. तिच्यात हात घालणे म्हणजे तिचा अनादर. जिथे नमुनाकाराने प्रत्येक चौकोन विचारपूर्वक ठेवला आहे तिथे मला हा आक्षेप मान्य आहे. परंतु बहुतेक फुल कव्हरेज चार्ट संगणकाच्या सरासरीतून निघतात. तिथे निष्ठा मूळ चित्राशी असायला हवी, आणि मूळ चित्रकाराने महत्त्वाचे-बिनमहत्त्वाचे ठरवलेच होते. दुसरा आक्षेप सौंदर्याचा आहे: एकसारख्या फुल्यांची अखंड शिस्त हेच या कामाचे वैभव, त्यात सरमिसळ नको. या आक्षेपात वजन आहे. एकसारखेपणा ही खरोखर सुंदर गोष्ट आहे आणि तिच्याशिवाय उठावही दिसणार नाही. म्हणूनच चित्राचा फार मोठा भाग शिस्तीत राहावा आणि फरक थोड्या जागी असावेत, असे मी म्हणतो. ज्याला फक्त शिस्त हवी त्याने छटांचे अंतर आणि कॉन्फेटीची सफाई एवढे दोनच उपाय केले तरी चित्र सुधारते.

तिसरा आक्षेप टिकाऊपणाचा. उंच टाक्यांत धूळ बसते, मणी काचेवर घासतात, जर काळी पडते. यावर उपाय आहेत: काच आणि कापड यांच्यामध्ये पट्टी घालून अंतर ठेवणे, आम्लविरहित पुठ्ठ्यावर ताणणे, थेट उन्हापासून दूर टांगणे, आणि काम धुवून झाल्यावर मणी-जर शेवटी लावणे. चौथा आक्षेप श्रमाचा. आधीच लाखभर टाके, त्यात ही नवी कटकट कशाला? पण हिशेब उलटा आहे. विखुरलेले एकेकटे टाके सर्वात वेळखाऊ असतात, कारण प्रत्येकासाठी दोरा बदलावा किंवा मागून ओढून न्यावा लागतो. शांत भागांतले असे टाके काढले आणि तिथे अर्धा टाका वापरला तर वाचलेला वेळ चेहऱ्यावर आणि पाण्यावर खर्च करता येतो. एकूण काम वाढत नाही, त्याची वाटणी बदलते.

म्हणून सुधारणा सुईच्या आधी, चार्टपासून व्हायला हवी. नमुनाकारांनी रंगाच्या खुणांबरोबर प्रत्येक भागाचे महत्त्वही दाखवावे: कुठे अर्धा टाका चालेल, कुठे एका धाग्यावर जावे, कोणती रेषा आवश्यक, कोणते सुटे टाके वगळले तरी चालतील. शिकवणाऱ्यांनी मागची बाजू किती स्वच्छ आहे यापेक्षा पुढची बाजू दोन मीटरवरून काय सांगते हे आधी तपासायला शिकवावे. आणि भरणाऱ्याने पहिला टाका घालण्यापूर्वी चार्ट लांब धरून तीन जागा ठरवाव्यात, जिथे पाहणाऱ्याची नजर थांबायला हवी. हजारो टाके घालण्याचा संयम या स्त्री-पुरुषांकडे आहेच. त्या संयमाला निर्णयाचा हक्कही मिळाला, तर पूर्ण भरलेले कापड छापील चित्राची नक्कल न राहता भरणाऱ्याची स्वतःची कला होईल.